जुनी इलेक्ट्रिक सायकल चढावर दम तोडते: मोटर बदलायची की आधी दुसरं काही?

सत्तरीकर (प्रश्न)

वाळपईच्या पुढे वाड्यावर जाणारा रस्ता आहे. शेवटचे तीनशे मीटर उभा चढ. एक मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर ठेवली, वर मिस्त्रीची लेव्हल धरली आणि खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचललं. पट्टीखाली ११ सेंटिमीटर जागा राहिली, म्हणजे चढ ११ टक्के. तीन ठिकाणी मोजला, फरक नाही.

सायकलची माहिती:
२६ इंची चाक, लोखंडी फ्रेम. मागे ३६ व्होल्ट २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी). चाक पुढे ढकललं की मोकळं फिरतं, उलटं फिरवलं की जड लागतं, म्हणजे आतून गिअरवाली. कंट्रोलरवर (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीवर) १५ अँपिअर लिहिलंय. मूळच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लिथियमचा दहा सिरीजचा (एकामागोमाग जोडलेले सेलचे दहा गट) पॅक बसवला होता, १० अँपिअर-तास, त्याला आता चार वर्षं झाली. पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील, कॉटरवाला (पाचरीसारख्या पिनेने बसवलेला) क्रँक, मागे १८ दात्यांचं सिंगल फ्रीव्हील. दोन्हीकडे व्ही-ब्रेक, रिम अ‍ॅल्युमिनियमची.

चालवणारा ७८ किलो, सायकल २६, कॅरियरवर साधारण १२ किलो सामान.

सपाटीवर २४ चा वेग मिळतो. चढावर ६-७ वर येते, मोटर घरघरते आणि दीडशे-दोनशे मीटरवर डिस्प्लेसकट सगळं बंद. चावी बंद करून पुन्हा लावली की सुरू होते, पण थोड्या वेळाने तेच. बजेट १५ हजार. दुकानात ५०० वॉटची मोटर घ्या म्हणतात. घ्यावी का?

---

चाक_चेन_फोंडा

सत्तरीकरबाब, तुम्ही चढ मोजून आणलात, निम्मं काम तिथेच झालं. दुकानात पैसे मोजण्याआधी हा हिशेब बघा.

एकूण वजन ११६ किलो, म्हणजे ११३८ न्यूटन. ११ टक्के चढ आणि टायरच्या घर्षणाचा एक टक्का मिळून साधारण १३७ न्यूटन तुम्हाला मागे ओढतात. ताशी १० किमीने चढायचं तर चाकावर ३८० वॉट लागतात, ७ किमीने चढायचं तर २६५.

आता मोटरकडे बघू. अशा मोटरीचा बिनभाराचा वेग २८ किमीच्या आसपास असतो. वाइंडिंग आणि वायरिंगचा मिळून पाव ओहम धरला, तर १५ अँपिअरच्या कंट्रोलरवर बॅटरीतून ५४० वॉट निघतात, पण चाकावर किती पोचतात ते वेगावर ठरतं. ७ किमीला जेमतेम २४०, १० किमीला ३००, १४ किमीला ३५०. बाकीचे मोटरच्या पोटात उष्णता होऊन बसतात. ७ किमीला निम्म्याहून जास्त वीज मोटर तापवण्यात जाते. घरघर त्यातूनच.

सात किमीला लागतात २६५ आणि मोटर देते २४०, तर उरलेले २५ वॉट तुमचे पाय देतात. एवढेच? कारण ४४ ला १८ या गिअरवर पेडलचा एक फेरा सायकलला पाच मीटर पुढे नेतो. ७ किमीला मिनिटाला २३ फेरे होतात. त्या गतीत माणूस पेडल मारत नाही, पेडलवर नुसता उभा राहतो. साधारण तब्येतीचा माणूस काही मिनिटं १२० वॉट आरामात देतो, पण त्यासाठी पाय मिनिटाला ४५-५० तरी फिरायला हवेत.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च गिअरवर. पुढे ३६, मागे २२ केलंत तर एका फेऱ्यात ३.४ मीटर, १० किमीला ४९ फेरे. मोटरचे ३०० आणि पायांचे १२० मिळून ४२०, लागतात ३८०. तीच मोटर, तोच कंट्रोलर, आणि चढ निघतो. वेग १० च्या वर राहिला की मोटरही कमी तापते, हा फायदा वेगळा.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते. १८ किमीच्या वर पाय हवेत फिरल्यासारखे वाटतील, तिथे काम मोटरच करील. ते नको असेल तर ३८ ला २० हा मधला मार्ग: एका फेऱ्यात ३.९ मीटर, १० किमीला ४२ फेरे. ११ टक्के रोज चढायचे तर मी ३६-२२ च घेईन.

मागे सात स्पीडचं फ्रीव्हील बसलं तर दोन्ही साधतं. १४ ते ३४ दात्यांचं मिळतं. पण त्याला मोटरच्या आट्यांच्या खांद्यापासून फ्रेमच्या आतल्या बाजूपर्यंत ३५ ते ४० मिमी जागा लागते. तुमच्याकडे किती आहे ते मोजून सांगा.

---

पेडण्याचा_पेडलवाला

एवढा खटाटोप कशाला? ४८ व्होल्टची बॅटरी लावा, त्याच मोटरवर. पुष्कळ लोक लावतात.

---

ओहमशास्त्री

लावतात, आणि मग कंट्रोलर उघडून वास घेत बसतात.

आधी कंट्रोलर उघडून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. ३६ व्होल्टच्या स्वस्त कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ५० व्होल्टचा असतो. तेरा सिरीजचा ४८ व्होल्टचा पॅक पूर्ण भरला की ५४.६ होतो. कपॅसिटर ६३ चा असला तरी ३६ च्या कंट्रोलरची बॅटरी वाचवणारी मर्यादा ३०-३१ व्होल्टवरच राहते, म्हणजे सेलमागे २.३ व्होल्ट. मग पॅकला फक्त बीएमएसचा, म्हणजे पॅकच्या आत सेल सांभाळणाऱ्या सर्किटचा, आधार.

आणि मिळतं काय? व्होल्ट वाढवल्याने वरचा वेग वाढतो. तुमची अडचण खालच्या वेगाची आहे. बिनभाराचा वेग २८ चा ३७ होईल आणि सायकल २५ च्या मर्यादेबाहेर जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे ती २५० वॉटच्या आतल्या मोटरीला, ताशी २५ किमीपर्यंत आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंतच्या वजनाला. त्यापुढे ती मोटार वाहन ठरते: नोंदणी, परवाना, विमा. दुकानातली ५०० वॉटची मोटरही याच खात्यात जाते, हे दुकानदार सांगत नाही.

कंट्रोलर १५ चा २० अँपिअर करणं, किंवा शंटवर (प्रवाह मोजणाऱ्या आतल्या तारेवर) सोल्डर चढवून त्याला फसवणं, हेही सुचवतील. तसं केलं की जोर वाढतो, पण वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. एक तृतीयांश जादा जोर हवा म्हणून जवळपास पावणेदोन पट उष्णता. आतले गिअर नायलॉनचे आहेत, ते आधी मऊ पडतात. गिअरवाल्या हबचं कवच हाताला गार लागतं म्हणून फसू नका. आतली मोटर आणि बाहेरचं कवच यांच्यात हवा असते, कवच तापेपर्यंत आत उशीर झालेला असतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. डिस्प्लेसकट सगळं काळं होतं हा महत्त्वाचा पुरावा. कंट्रोलरने कमी व्होल्ट बघून हात वर केले असते तर मोटर थांबली असती, पण डिस्प्ले चालू राहिला असता. सगळंच मेलं म्हणजे बॅटरीच्या आतल्या बीएमएसने वाट तोडली. एकतर प्रवाह जास्त झाला, नाहीतर दहांपैकी एक गट खाली कोसळला. चार वर्षांच्या पॅकमध्ये माझा संशय दुसऱ्यावर.

तीन रीडिंग घ्या.
चढाच्या पायथ्याशी थांबून बॅटरीचे व्होल्ट.
चढावर पूर्ण थ्रॉटल असताना, बंद पडायच्या जरा आधीचे. मल्टिमीटरच्या तारा बॅटरीच्या कनेक्टरला आधीच लावून ठेवा आणि वाचायला कोणाला तरी सोबत घ्या, चालवताना मीटरकडे बघू नका.
घरी आल्यावर पॅक उघडून बीएमएसच्या पांढऱ्या बारीक प्लगवर प्रत्येक गटाचे व्होल्ट, एकेक करून. मीटरची टोकं दोन पिनांमध्ये एकदम टेकली तर ठिणगी आणि बीएमएस दोन्ही जातील, म्हणून टोकांना टेप गुंडाळून फक्त दोन मिमी उघडं ठेवा.

---

सत्तरीकर

घेतली. पायथ्याशी ३८.२. चढावर सरकत ३२.१ आणि तिथेच बंद. घरी नऊ गट ३.७८ ते ३.८०, सातवा गट ३.४६. पूर्ण पॅक ३७.६.

मागची जागा २१ मिमी आहे. म्हणजे सात स्पीडचा नाद सोडला.

कपॅसिटर ५० व्होल्टचा निघाला, त्यामुळे पेडणेकरांचा सल्लाही राहिला.

---

ओहमशास्त्री

सापडलं. घरच्या ३७.६ वरून चढावर ३२.१, म्हणजे १५ अँपिअरला ५.५ व्होल्ट पडतात, पॅकचा आतला रोध ०.३७ ओहम. या आकाराचा धडधाकट पॅक ०.१ ते ०.१५ दाखवतो. शांत असताना सातवा गट ३.४६ दिसतो, पण भाराखाली तो २.७ ला टेकतो आणि बीएमएस आपलं काम करतो. त्याला शिव्या देऊ नका, त्यानेच आग टाळली.

लोक इथे एक चूक करतात: जास्त अँपिअर-तासांची बॅटरी घ्यायची. तुमचा चढ ३०० मीटरचा, उंची ३३ मीटर. १० किमीने चढायला १०८ सेकंद. ५४० वॉटने त्यात १६ वॉट-तास जातात, आणि पॅक आहे ३६० वॉट-तासांचा. टाकी पुरेशी आहे, तोटी बारीक झालीय. नवा पॅक घेताना तो किती अँपिअर सलग देतो ते विचारा. साधा दहा अँपिअर-तासांचा पॅक वर्षभरात परत तोंड वाकडं करील, जर त्यातले सेल कमी प्रवाहाचे असतील.

एकच गट बदलून घेऊ नका. नवा गट आणि नऊ म्हातारे असा संसार टिकत नाही, पुढचा कमकुवत सहा महिन्यांत बाहेर येतो.

माझी पसंती: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासांचे सेल, १२ सिरीज २ पॅरलल, एकूण २४. नाममात्र ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, ४६० वॉट-तास. १५ अँपिअर घेतले तर सेलमागे साडेसात, हे त्यांना अंगावर येत नाही. पूर्ण भरल्यावर ४३.८ व्होल्ट, तुमच्या ५० च्या कपॅसिटरला चालतं. खालची मर्यादा कंट्रोलरची ३१ धरली तर सेलमागे २.६, तेही बसतं. एका सेलचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत, सगळा पॅक पेटीसकट चार-साडेचार किलो. आकार साधारण १४ बाय २१ बाय ८ सेंटिमीटर, मूळच्या लेड-अ‍ॅसिडच्या पेटीत सहज मावेल.

सोबत लागेल ते: १२ सिरीजचा एलएफपीचाच बीएमएस, ३० अँपिअर. लिथियम-आयनचा बीएमएस चालत नाही, त्याच्या कापण्याच्या मर्यादा वेगळ्या असतात. चार्जर ४३.८ व्होल्ट, २ ते ३ अँपिअर. जुना ४२ व्होल्टचा लावला तर पॅक पूर्ण भरणार नाही आणि गट समपातळीत येणार नाहीत. लेड-अ‍ॅसिडचा अडगळीतला चार्जर तर लावूच नका, तो भरल्यावरही थांबत नाही, ढकलत राहतो. पॉझिटिव्ह तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, २५ अँपिअरचा फ्यूज. तार २.५ चौरस मिमी.

डिस्प्लेवरच्या काड्या यानंतर खोट्या बोलतील. एलएफपीचे व्होल्ट बराच वेळ सपाट राहतात आणि शेवटी एकदम घसरतात. काड्यांवर विसंबू नका, किलोमीटर मोजा.

पॅक जुळवणाऱ्याकडे निकेल पट्टी तपासा. निकेल म्हणून निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड खपवतात. पट्टीचा तुकडा घ्या, कानशीने खरवडा, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ती लोखंडाची. लोखंडाच्या पट्टीत रोध जास्त, आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ती आतून सडते. सेलवर थेट सोल्डर करणारा असेल तर दुसरा माणूस शोधा.

---

डिचोली_टर्नर

गिअरच्या कामाचं सांगतो, कारण तुमचा क्रँक कॉटरवाला आहे. त्या चेनव्हीलचे दाते एकटे बदलत नाहीत, क्रँकसकट येतं. अर्धवट जुगाड करण्यापेक्षा चौकोनी टोकाच्या, बंद बेअरिंगच्या बीबीवर (क्रँक फिरतो त्या मधल्या अ‍ॅक्सलवर) जा आणि ३६ दात्यांचा कॉटरलेस क्रँकसेट लावा.

आधी फ्रेमच्या नळीची रुंदी मोजा. ६८ मिमी आणि आत आटे असतील तर काम सरळ. आटे नसून नळीच मोठी असेल, बाहेरून ठोकलेल्या वाट्या असतील, तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो.

कॉटर काढताना लोक पिनचं टोक ठोकून चपटं करतात, मग ती ना पुढे ना मागे. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाला समपातळी येईपर्यंतच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका. क्रँकखाली, पिनच्या अगदी बाजूला, लोखंडी नळीचा जाड तुकडा उभा टेकवा, त्याचं दुसरं टोक जमिनीवर. मग एकच जोरकस घाव. टेकू नसेल तर सगळा मार बेअरिंगच्या वाट्यांना बसतो.

उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. डावी नेहमीसारखी. उजवीला चुकीच्या बाजूने लांब पाना लावून लटकलात तर नळीचे आटे जातील आणि फ्रेम माझ्याकडे येईल. नवी बीबी बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस.

४४-१८ चं ३६-२२ केल्यावर चेन एक इंच, म्हणजे एक जोड, कमी करावी लागते. जुनी चेन मात्र नव्या दात्यांवर चढवू नका. स्टीलच्या पट्टीने मोजा: पिनपासून पिनपर्यंत २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १२ इंचांवर एक सूत भरलं तर चेन ताणलीय, ती नवे दाते वर्षभरात खाईल.

पेडल फिरतंय हे ओळखणारी चुंबकांची चकती डाव्या बाजूला असते, ती जुन्या अ‍ॅक्सलच्या मापाची. चौकोनी टोकाला बसणारी वेगळी घ्या, आणि घेताच आहात तर बारा चुंबकांची घ्या. पाच-सहा चुंबकांची चकती सावकाश पेडलला मिनिटाला फार थोडे इशारे देते. कंट्रोलरला वाटतं माणूस थांबला, आणि ऐन चढावर मोटर सोडून-सोडून चालते. चकती उलटी बसली तर मोटर पेडलवर उठतच नाही. अशा वेळी वायरिंग उस्कटण्याआधी चकतीच पलटून बघा.

राहिलं अ‍ॅक्सल. हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा स्वतःचं अ‍ॅक्सल मागे पिळते. आजवर कमी जोरात फ्रेमची खाच ते कशीबशी धरून होती. नवा पॅक पूर्ण प्रवाह देऊ लागला की पीळ वाढतो. खाच रुंद झाली की अ‍ॅक्सल एकदा गरकन फिरतं आणि वायर मुळापासून तोडतं. त्यासाठी टॉर्क आर्म लावा: ६ मिमी जाड लोखंडी पट्टी, तिच्यात अ‍ॅक्सलच्या सपाट बाजूंच्या मापाची, बहुतेक १० मिमीची, खाच. ती कानशीने घासून बेताने वाढवा, हाताने ढकलल्यावर जाईल पण हलणार नाही अशी. दुसरं टोक मागच्या चाकाकडे येणाऱ्या खालच्या नळीला स्टेनलेस क्लॅम्पने. नट आवळण्याआधी अ‍ॅक्सल हाताने मागच्या दिशेला पिळून सैलपणा काढून टाका, मग आवळा. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसला तर एक फुटी पान्याच्या टोकाला साधारण १३ किलोचा दाब. आठवड्याने पुन्हा तपासा, रंग आणि गंज दबून नट सैल पडतो.

---

पेडण्याचा_पेडलवाला

बरं, ४८ व्होल्ट मागे घेतो. पण मिड-ड्राइव्ह किट (क्रँकजवळ बसणारी मोटर) का नको? चढासाठी सगळे तेच लावतात.

---

चाक_चेन_फोंडा

मिड-ड्राइव्हचा सगळा जीव मागच्या गिअरांत असतो. मोटरचा जोर चेनमधून जातो, म्हणून मागे ३४ चा दाता लावला की मोटरही आपल्या आवडत्या वेगात फिरते. यांच्या मागे एकच दाता आहे आणि जागा २१ मिमी. त्यांना आधी हब मोटर काढून मागचं चाक, फ्रीव्हील, डिरेलर, शिफ्टर सगळं नवं घ्यावं लागेल. त्यात १५ हजार बॅटरीपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय चेन आणि दाते दुपटीने झिजतात. घाटातून रोज ये-जा असती, चोर्ल्यासारखा सलग चढ असता, तर मीही तेच सांगितलं असतं. तीनशे मीटरसाठी नाही.

आता ब्रेकचं बोलतो, कारण वर जाण्याच्या उत्साहात हे राहतं. चढलेलं उतरायचंही आहे. ११६ किलो, ११ टक्के, २५ चा वेग स्थिर ठेवायचा तर ब्रेकना ६५० वॉटच्या पुढे उष्णता सोसावी लागते. हवेचा आणि टायरचा वाटा वजा न करताही तीनशे मीटरला एकूण ३७ हजार ज्यूल, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रिम ते पचवतात, जेमतेम चाळीस अंशांनी तापतील. तेव्हा उष्णतेची भीती नको. भीती ओल्या रिमची.

आपल्याकडची लाल माती ब्रेकच्या रबरात रुतते आणि कानशीसारखी रिम खाते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा रबर काढून बघा, चमकणारे कण टोकदार सुईने उपसा, वरचा काचेसारखा थर सँडपेपरने घासा. रिमच्या बाजूवर बोट फिरवल्यावर खळगा जाणवला तर रिम बदला, पुढच्या उतारावर ती फाटू शकते. रबर ७० मिमी लांबीचं, पावसाळी जातीचं घ्या. पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा मिमी आधी टेकेल असं लावा, किंचाळत नाही. केबल आणि तिचं आवरण दोन्ही नवं. मागची केबल गंजलेली असली तर हाताचा अर्धा जोर तिच्यातच मुरतो. ब्रेकच्या दांड्यातला मोटर बंद करणारा स्विच चालतो का तेही बघा, उतारावर थ्रॉटल अडकला तर तोच वाचवतो.

टायर २ इंचाचा, हवा ४५ पीएसआयच्या आसपास. शेवाळलेल्या काँक्रीटवर ४० ला उतरवा.

---

सत्तरीकर

क्रम ठरवतो: आधी ब्रेक आणि टॉर्क आर्म, मग बीबी-क्रँक-फ्रीव्हील, मग एलएफपी पॅक. मोटर उघडायची गरज आहे का? आणि पावसात कनेक्टरचं काय करू?

---

डिचोली_टर्नर

क्रम बरोबर. मोटर उघडा, निदान चार वर्षं ग्रीस तेच असेल. बाजूचे स्क्रू काढून झाकण सुटलं की तीन नायलॉनचे गिअर दिसतील. दात्यांची टोकं धारदार झाली असतील किंवा एखादा दाता पांढरट पडला असेल तर तिन्ही एकदम बदला. दाते मोजा आणि बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या, दिसायला सारखे असून मापात फरक असतो. जुनं ग्रीस कापडाने पुसा, केरोसीन वाइंडिंगवर जाऊ देऊ नका. नवं लिथियम ग्रीस १५ ते २० ग्रॅम, दात्यांवर बोटाने. जास्त भरलं तर गरम होऊन वाइंडिंगवर आणि हॉल सेन्सरवर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारा) उडतं.

झाकण लावताना सिलिकॉन लावाल, तर त्याचा वास घ्या. विनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो तांब्याला खातो. बिनवासाचा, न्यूट्रल लिहिलेला घ्या.

---

ओहमशास्त्री

मोटरच्या तीन जाड तारांचे गोळी-कनेक्टर काढून बघा. प्लास्टिक पिवळट पडलं असेल तर तिथे रोध आहे आणि तुमच्या चढाचे काही वॉट तिथेच जळतात. नवे चार मिमीचे क्रिंप करा, वर सोल्डर, वर श्रिंक ट्यूब. बॅटरीकडे ६० अँपिअरचा पिवळा कनेक्टर.

पाणी कनेक्टरमध्ये थेंबाने येत नाही, तारेवरून ओघळत येतं. म्हणून तार कनेक्टरकडे जाण्याआधी खाली वळसा घेऊन वर जाऊ द्या, ओघळ वळशाच्या तळाशी गळून पडतो. मोटरची तार अ‍ॅक्सलमधून बाहेर येते तिथेही तसाच वळसा, नाहीतर पाणी सरळ मोटरमध्ये. कंट्रोलरच्या तारा खालच्या बाजूला येतील असा तो उभा बसवा. हॉल सेन्सरच्या बारीक प्लगमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. पावसात मोटर झटके देत चालू लागली तर नव्वद टक्के वेळा तोच प्लग असतो. तपासायचं तर प्लग जोडलेला ठेवून, चावी लावून, काळ्या आणि एकेका सिग्नल तारेमध्ये मीटर धरा आणि चाक उलटं, हळू फिरवा. पाच आणि शून्य असं आलटून-पालटून दिसलं पाहिजे. पुढे फिरवून काही दिसणार नाही, आतला क्लच मोकळा सुटतो.

---

सत्तरीकर

देव बरें करूं सगळ्यांचं. एकच: ३६-२२ केल्यावर चढ कुठल्या वेगाने सुरू करू?

---

चाक_चेन_फोंडा

पायथ्याला १५ ने या, तिथूनच पेडल मारत. वेग ८ च्या खाली आला तर थ्रॉटल जास्त पिळू नका, तिथे तो फक्त मोटर तापवतो. उतरून दोन मिनिटं थांबा, आणि पुन्हा सुरू करताना पहिले चार-पाच मीटर सायकल ढकलत चालवा, मग बसा. उभ्या चढावर शून्यातून उठवणं हे त्या नायलॉनच्या गिअरांवर सगळ्यात वाईट.